सावद्याच्या नानांचा ड्राइव्ह आणि किल्लीची फ्लॉपी

फ्लॉपी ड्राइव्ह उघडला की आत धूळ निघते, आणि आम्ही दुरुस्तीवाले चहाला बसलो की किस्से निघतात. दोन्ही कितीही झटका, संपत नाहीत! नव्वदच्या दशकात जळगावात सलीमचं आणि माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. तेव्हाचे निम्मे किस्से तर एकट्या सावद्याच्या नानांचे.

नाना केळीचे व्यापारी. त्यांची सून रेखावहिनी धुळ्याची, लग्नाआधी कॉम्प्युटरचा क्लास केलेली. तिच्या हट्टापायी नानांनी मशीन घेतलं, तेही माझ्याकडून. घेतानाच बजावलं, "भाऊ, हे सारखं बंद पडलं ना, तर डबा भंगारात अन् सूनबाई चुलीपाशी!"

वहिनींचा चेहरा उतरला. तेव्हापासून दुकानातला फोन वाजला की मी आधी सावद्याची एसटी किती वाजता ते पाहायचो.

*

फोन आलाच. ड्राइव्ह फ्लॉपी वाचेना! एसटी पकडून आम्ही सावदा गाठलं. पाहतो तर मशीन जागेवर नाही.

"कॉम्प्युटर कुठंय, नाना?"

"तुम्हीच म्हटलं होतं ना, बंद खोली पाह्यजे, धूळ नको?"

नानांनी दार उघडलं. केळी पिकवायची खोली! घडांच्या राशीत मशीन, भिंतींना ओल आणि सगळीकडे घड पिकवायच्या धुराचा वास. ड्राइव्हच्या फ्लॉपी वाचणाऱ्या हेडवर काजळी बसलेली. सलीम कापूस आणि स्पिरिट घेऊन पुसत बसला.

"नाना, इथं ड्राइव्ह नासतो हो!" मी कळवळून म्हणालो.

"अन् केळी त मस्त पिकते!"

*

मशीन बाहेरच्या खोलीत आलं, तरी ड्राइव्ह अडायचाच. गंमत म्हणजे सलीम समोर बसला की चालू, उठला की बंद! आम्ही स्टँडवर पोचतो न पोचतो तोच नानांचा माणूस सायकल हाणत मागे. पुन्हा परत. जिवाला चैन म्हणून नाही.

शेवटी कळलं. टेबलाचा एक पाय आखूड होता. टेबल डुगडुगलं की ड्राइव्हची सैल वायर हलायची. सलीम कोपर टेकून बसला की टेबल गप्प. सलीमने वायर घट्ट बसवली. मी म्हटलं, "टेबल तेवढं बदला, नाना."

नानांनी सलीमकडे निरखून पाहिलं. "टेबल कशाले? ह्यालेच ठेवून जा!"

*

मग नवी रंगीत सिस्टीम आली. नानांचा केळीच्या हिशोबाचा प्रोग्राम मात्र जुना, डॉसवरचा. तो पडद्यावर एका काळ्या चौकोनात चालायचा. म्हणजे मशीनच्या पोटात दुसरं जुनं मशीन. सुरू होताना तो किल्लीची फ्लॉपी मागायचा. ती एकच मूळ फ्लॉपी ड्राइव्हमध्ये असेल तरच गाडी पुढे. आणि आतल्या डॉसला बाहेरचा ड्राइव्हच दिसेना!

आम्ही पोचलो तेव्हा नाना फ्लॉपी मॉनिटरच्या काचेवर, बरोबर काळ्या चौकोनावर दाबून धरून उभे! "आतल्या मशीनले आतच द्याव लागीन ना!"

वहिनी हसू दाबत होत्या, पण डोळ्यांत काळजी होती. हळूच म्हणाल्या, "भाऊ, आज नाही चाललं तर नाना ऐकायचे नाहीत."

मी घाम पुसत सेटिंग चाळत होतो. "वहिनी, आतल्या डॉसला वाटतं घर आपलंच. पण ड्राइव्ह बाहेरच्या सिस्टीमच्या ताब्यात. ती देईल तेव्हा मिळणार."

"म्हणजे किल्ल्या सासूच्या कमरेला!" वहिनींना लगेच कळलं.

ड्राइव्ह कुरकुरला आणि लागला एकदाचा. नाना म्हणाले, "अजून एकदा बंद पडू दे. मग पाहतो!"

*

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया आली. आमच्याकडे आखाजीला लेकी माहेरी जातात, झोके खेळतात, आमरस हाणतात. वहिनीही धुळ्याला गेल्या. आणि नेमका फोन!

"भाऊ, ड्राइव्ह नॉट रेडी म्हणते!"

संपलं, मी मनात म्हटलं. गेल्या वहिनी चुलीपाशी.

धावत सावदा गाठलं. ओट्यावर नाना येरझारा घालत होते, रस्त्यावर केळीचे ट्रक खोळंबलेले. "कोनाच्या बागेत आज कटाई, बठ्ठं सारं त्या डब्यात अडकलं!"

सलीमने मशीन खोललं. वायर ठीक, हेड ठीक, सेटिंग ठीक. मग त्याने वाकून ड्राइव्हच्या फटीत पाहिलं.

"भाई, इसमें फ्लॉपीच नहीं है!"

किल्लीची फ्लॉपी! नानांनी घर पालथं घातलं, वहिनींच्या सासूबाईंनी फडताळं उपसली. नाहीच. नानांनी खुंटीवरची टोपी डोक्यावर ठेवली. "सूनबाईकडंच असंन. चला धुळ्याले."

सासूबाई म्हणाल्या, "अहो, आखाजीले सासरा जातो का सुनेच्या माहेरी?"

नाना तोवर जीपमध्ये बसले होते.

धुळ्याला अंगणातल्या निंबाला झोका बांधलेला, आणि वहिनींचा झोका उंच चढलेला. दारात त्यांचा भाऊ हसत म्हणाला, "लेकीला आणायला आमच्याकडून मुराळी जातो. न्यायला सासरा आलेला आजच पाहिला!"

नानांनी टोपी सारखी केली, झोक्याजवळ गेले, घसा खाकरला.

"सूनबाई, ती किल्लीची फ्लॉपी..."

वहिनींनी पाय टेकून झोका थांबवला, कमरेला खोचलेली फ्लॉपी चाचपली.

"अगं बाई! नाना, तो डबा अजून भंगारात नाही दिला?"