नोंद करा, अडवू नका

आमच्या सर्व्हरचे नियम लिहिणारे माझे वरिष्ठ सहकारी वारले, त्याला आता तीन महिने होतील. उमरेडच्या विणकर घरातले. बारा वर्षं आम्ही शेजारी बसलो, त्यातली बरीचशी न बोलता.

महाल भागातल्या एका ग्रंथालयाच्या पोथ्यांची स्कॅन केलेली पानं आमच्याकडे असतात. सर्व्हरवर काही कामं ठरल्या वेळी आपोआप चालतात. दुपारी एक वाजता तात्पुरत्या फाइली पुसणारं त्यातलंच एक. कोणत्या कामाने कुठल्या फोल्डरला हात लावायचा, हे त्यांनी नियमांत बांधून ठेवलं होतं. कामाला सगळे अधिकार असले तरी ते कुंपण ओलांडता येत नसे. नवखा असताना मी वैतागून विचारलं होतं, एवढं कशाला? ते म्हणाले, "पंखा दुरुस्त करायले आला, त्याले कपाटाची चावी काहून द्यायची गा?"

ते गेल्यावर चौथ्या दिवशी महिन्याचा अहवाल काढणारं नवं काम या नियमांत अडकलं. त्याला एका फोल्डरची परवानगी हवी होती. नियमांत एक ओळ वाढवली की झालं. मी त्यांच्या घरी होतो. कुणी फोन केला असता तर तिथूनच सांगितली असती. आमच्या विभागाच्या साहेबांनी त्याऐवजी नियमांची अख्खी राखणच नुसत्या नोंदीवर टाकली. नियम मोडला तर लिहून ठेवायचं, अडवायचं नाही. पुढच्या आठवड्यात कुणीतरी पुसण्याच्या कामात फोल्डरचं नाव चुकवलं आणि पोथ्यांची पानं गेली. राखीव प्रतीतून बरीच परत आली. शेवटच्या आठवड्याची आली नाहीत.

चौकशीचा कागद माझ्यापुढे सहीला आला. कारण लिहिलं होतं: दिवंगत कर्मचाऱ्याने केलेले क्लिष्ट नियम. त्यांच्या बायकोच्या, वहिनींच्या, कानावरही हे गेलं होतं. त्यांनी फोनवर मला एवढंच विचारलं, खरंच यांची चूक होती का?

मी नोंदी उघडल्या. पुसल्या गेलेल्या प्रत्येक पानापुढे नियमाने लिहिलं होतं, मनाई. आणि त्याच ओळीत, तरी जाऊ दिलं. अशा शेकडो ओळी.

साहेब समजुतीने बोलले, त्याचाच जास्त संताप आला.

"करून टाका ना सही. त्यांले आता काय फरक पडून राहिला?"

मी ते कारण खोडलं. राखण कुणी आणि किती वाजता सैल केली ते खाली लिहिलं, नोंदींची पानं जोडली आणि मग सही केली. कागद अजून साहेबांच्या टेबलावरच पडून आहे. त्याची एक प्रत मात्र मी त्याच संध्याकाळी त्या वारलेल्या सहकाऱ्यांच्या घरी नेली आणि वहिनींना ओळ न् ओळ वाचून दाखवली.