हॉलंडहून आलेला हँगर

श्रीधर ठोंबरे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले आणि त्याच हिवाळ्यात त्यांच्या मुलीची, इलाची सायकल मोडली. घरात असंच म्हणायचे, सायकल मोडली. अपघात हा शब्द कोणी काढत नसे.

इला विद्यापीठाच्या संघातून शर्यती खेळायची. रोज पहाटे बोरगाव मेघेहून निघून पवनारच्या रस्त्याला लागायची. त्या दिवशी धुकं होतं. पुढचा ट्रॅक्टर शेताकडे वळला, त्याची ट्रॉली हिला दिसली नाही. मांडीचं हाड गेलं, गुडघा गेला. पायात रॉड घातला. डॉक्टर म्हणाले, चालता येईल, शर्यतीचं मनातून काढा. इलानं मान हलवली. रडली नाही. श्रीधररावही रडले नाहीत. तिची आई प्रमोदिनीबाई शिक्षिका, त्या शाळेतून रजा काढून आल्या, रजा संपल्यावर परत शाळेत गेल्या. घर पुन्हा चालू झालं, पण कुणी पंख्याचं बटण दाबून विसरून जावं तसं.

सायकल जिन्याखाली जुन्या चादरीत गुंडाळून ठेवली होती. एका दुपारी श्रीधररावांनी चादर काढली. का काढली, हे त्यांना सांगता आलं नसतं. चहा झाला होता, पेपर वाचून झाला होता, एवढंच. मागचं चाक वाकडं झालं होतं, गिअर बदलणारा मागचा भाग लोंबत होता आणि हँडलवरचा गिअरचा खटका फुटला होता.

ते मोडके भाग पिशवीत घालून ते वर्ध्याच्या बाजारात हेमराजच्या सायकलच्या दुकानात गेले. हेमराजनं खटका उलटसुलट करून पाहिला.

"काका, हे आपल्या इकडं नाई भेटत. नागपुरातबी मुश्किल आहे. बाहेरून मागवा लागते."

"बाहेरून म्हणजे कुठून?"

"विलायतेतून. ऑनलाइन. पोट्टे मागवतात."

मग पुण्याच्या भाच्याला, मिहिरला, फोन झाला. त्यानं कुठे काय दाबायचं ते सांगितलं. पहिला खटका इंग्लंडच्या दुकानातून मागवला. श्रीधररावांनी पत्ता टाकताना 'दत्त मंदिरामागे' हेही लिहिलं. तो लंडनहून निघाला, दुबईला थांबला, मुंबईला आला. तिथे कस्टमवाल्यांनी ओळखपत्र मागितलं, ते पाठवलं. पार्सल कुठवर आलं, हे मोबाइलवर दिसायचं. श्रीधरराव सकाळी उठून आधी तेच बघायचे. आनंद व्हायचा असं नाही. पण काहीतरी वाटेत आहे, आज ना उद्या ते दारात येईल, एवढं कळायचं, आणि तेवढ्यानं दिवस पुढे सरकायचा.

खटक्यानंतर तैवानहून गिअरचा भाग आला. मग जर्मनीहून चाक आलं, मोठ्या खोक्यात. पोस्टमन खोकं उतरवताना म्हणाला, "साहेब, दुकान टाकून राह्यले का?"

प्रमोदिनीबाई एकदाच बोलल्या. स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून, हळू आवाजात.

"अहो, कोण बसणार आहे हिच्यावर?"

"माहीत नाई," श्रीधरराव म्हणाले.

खोक्याचा पुठ्ठा त्यांनी घडी घालून माळ्यावर टाकला.

इला हे सगळं बघायची. काठी घेऊन घरातल्या घरात फिरायची, व्यायाम करायची, बाकी वेळ मोबाइलमध्ये. वडील जिन्याखाली बसून चाक फिरवत असले की थोडा वेळ उभी राहायची आणि निघून जायची.

शेवटी राहिला तो हँगर. बोटाएवढा धातूचा तुकडा, त्यावर मागचा गिअर टांगायचा. प्रत्येक फ्रेमचा हँगर वेगळा, आणि इलाच्या फ्रेमचा कंपनीनं बनवणं बंद केलेला. हॉलंडमधल्या एका छोट्या दुकानात जुने तुकडे मिळतात असं कळलं. श्रीधररावांनी सरकारी इंग्रजीत, 'आपणांस विनंती की' या थाटात मेल लिहिला. दुकानदारानं हँगर बसतो त्या जागेचे फोटो मागितले. श्रीधररावांनी सायकल अंगणात, उन्हात नेली आणि चारही बाजूंनी फोटो काढून पाठवले.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. हँगर माझ्याकडे आहे, त्यानं लिहिलं होतं. पण तिसऱ्या फोटोत मागच्या चाकाकडे जाणाऱ्या नळीवर एक बारीक रेघ दिसते. ती ओरखड्याची नाही, चीर आहे. तुमची फ्रेम कार्बनची आहे, ती एक दिवस चालवता चालवता तुटेल. कृपा करून यावर कोणाला बसू देऊ नका. तुम्ही म्हणत असाल तर हँगर पाठवतो, पण माझं ऐका, नका घेऊ.

श्रीधररावांनी चष्मा पुसून मेल परत वाचला. अंगणात जाऊन ती रेघ पाहिली. बोट फिरवलं, तर नखाला लागली. इतके महिने ती तिथेच होती. त्यांना वाटलं, आता छातीत काहीतरी होईल. झालं नाही. ते आत आले, खुर्चीवर बसले आणि त्यांनी हँगर मागवला.

तो आला तेव्हा प्रमोदिनीबाई शाळेत होत्या. श्रीधररावांनी पाकीट फोडलं, तुकडा इलासमोर टेबलावर ठेवला.

"बेटा, फ्रेमले चीर आहे. सायकल नाई होत आता."

इलानं तुकड्याकडे पाहिलं.

"मले माहीत होतं, बाबा."

"कधीपासून?"

"दवाखान्यातून घरी आली, त्याच दिवशी पाह्यली होती."

"मंग सांगितलं काऊन नाई?"

इला काठीच्या मुठीवर अंगठा घासत राहिली. "तुम्ही काहीतरी करून राह्यले होते ना. तुम्ही थांबले असते तर मंग दोघंही बसून राह्यलो असतो."

श्रीधररावांनी मान डोलावली. बाहेर भंगारवाला ओरडत गेला. त्यांनी उठून दोघांसाठी चहा टाकला, आणि साखर घालायची राहून गेली हे दोघांनीही पिताना सांगितलं नाही.

पुढचं इलानंच ठरवलं. तिच्या संघात पुलगावजवळच्या नाचणगावची एक मुलगी होती, समीक्षा. तिची फ्रेम धड होती, बाकी सगळं घासलेलं. हँगर तिच्या उपयोगाचा नव्हता, पण खटका, गिअर आणि चाक बसणार होतं. इलानं फोन केला. समीक्षाचे वडील तानबा म्हणाले, मी येऊन घेऊन जातो. इला म्हणाली, "नाई काका, मीच येते. लावताना मी पाहिजे."

रविवारी बापलेक पुलगावच्या गाडीत बसले. चाक श्रीधररावांच्या मांडीवर होतं. नाचणगावात तानबांनी अंगणात स्टूल टाकलं, त्यावर पाय लांब करून इला बसली. समीक्षा पाने-पेचकस देत गेली, इला लावत गेली. मधूनच "असं नाई, इकडून ओढ," म्हणत होती. श्रीधररावांना तिचा हा आवाज बऱ्याच दिवसांनी ऐकू आला. तो ओळखीचा वाटला, यापलीकडे त्यांना काही वाटलं नाही.

समीक्षा सायकल घेऊन रस्त्यावर गेली. कापसाच्या गाडीला वळसा घालून वाकून जोरात निघाली आणि दिसेनाशी झाली. इला मान तिरपी करून ऐकत होती. तानबा हात जोडून काहीतरी म्हणत होते, श्रीधरराव "नाई नाई, त्यात काय," म्हणत होते.

समीक्षा घामाघूम होऊन परत आली.

"दीदी, तिसऱ्या गिअरवर कटकट करून राह्यली."

"ऐकू आलं मले," इला म्हणाली. "नवी केबल आहे, ढिली होईन थोडी. आठवडाभर चालव, मंग पाहू." ती वडिलांकडे वळली. "बाबा, पुढच्या रविवारी यावं लागन."

"येऊ," श्रीधरराव म्हणाले, आणि गाडीची वेळ विचारायला तानबांकडे गेले.