मंगलनं पिशवी राखली

मंगल बोलाय लागली की गावातले मिशावाले खाली बघतात. आमची लेक, दिली सासरी, पण पाणी आमच्या घरचं. अशी बाई तालुक्यात दुसरी दाखवा, न्हाई तर गप बसा.

ऊसतोडीला जाणाऱ्या बायांतूनच सरकारनं आरोग्यसाथी निवडल्या, तवा गावातून मंगलचं नाव लागलं. शिकून आली, औषधाची पेटी घेऊन आली. तर गाव हसलं. "सातवी शिकलेली डाक्टरीण!" हसणाऱ्यांच्या बायका मागल्या दारानं गोळ्या न्यायच्या, ते येगळंच.

सगळ्यात जास्ती जळला तोडीची टोळी नेणारा शहादेव मुकादम. नवराबायको मिळून एक कोयता, ही तोडीची रीत. पाळीत बाई फडाऐवजी कोपीवर, पाचटाच्या खोपटात, बसली की कोयता अर्धा, आन् मुकादमाचं तोंड वाकडं. म्हणून त्यानं बायांच्या कानात एकच भरवलेलं, गर्भपिशवी काढा, कटकट मिटवा. मंगलनं पंचविशीच्या आत काढली. त्याच्याच जीपमधी बसून गेलती.

औंदा दसऱ्याच्या तोंडावर त्यानं तिची जाऊ कडूबाई हेरली. तिच्या अंगावरून पांढरं जायचं, ओटीपोट दुखायचं. जिल्ह्यात आता नियम हाय, सरकारी डाक्टरच्या परवानगीबिगर खाजगी दवाखान्याला पिशवी काढता येत न्हाई. पण शहादेव लई चालू. "जिल्ह्याबाहेर नेऊ. तिथं कोण इचारतंय?" कडूबाईचा नवरा परमेश्वर लगेच तयार. बिनडोक!

सकाळी जीप निघणार, तेवढ्यात मंगल पेटी घेऊन कडूबाईच्या शेजारी जाऊन बसली.

"उतर," शहादेव म्हणला.

"न्हाई उतरत."

"तुझी काढली, आता दुसऱ्याची राखाय निघाली व्हय?"

"माझी काढली म्हणूनच."

परमेश्वर खेकसला, "वैनी, बायको माझी हाय. तुमाला कावून पुळका?"

"बायको तुझी, आन् तिला सोडून समद्यांला इचारलंस!"

कडूबाईनं पदर तोंडात कोंबलेला. "अक्का, लई दुखतंय वो. एकदाची काढून टाकू द्या."

"मलाबी असंच वाटलं होतं." मंगल शहादेवकडं वळली. "मुकादम, सांग हिला. पिशवी काढल्यावर माझा कोयता पुरा झाला का? कंबर गेली. मोळी डोक्यावर घेतली की डोळ्यापुढं अंधारी. तवा तूच म्हणलास, मंगल आता अर्धा कोयता. आदी पाळीपुरती अर्धी होते, आता बारा महिने अर्धी हाय. हिचंबी तेच करतो का?"

शहादेव गुटखा थुंकून जीप चालू कराय गेला. परमेश्वर मातर दचकला. बायकोची माया-बिया काय न्हाई. आपला कोयता अर्धा होईल, एवढंच टाळक्यात शिरलं. शिरलं तेवढं बास.

"जीप अंबाजोगाईला घ्या. सरकारी डाक्टरला दाखवू," तो पुटपुटला.

"जीप माझी हाय बे! उतरा खाली!"

गेले यष्टीनं.

डाक्टरीणबाईनं तपासलं. पिशवी चांगली हाय म्हणल्या, जंतू झालेत. गोळ्या दिल्या, त्या नवऱ्यालाबी.

"मला कावून?" परमेश्वरचे कान लाल.

"गिळ," मंगल म्हणली. "तुझ्यापासून तिला परत व्हायला नको."

शहादेवनं मंगलचा कोयता टोळीतून काढला. काढंना का! तिला खायला माहेर हाय, कुणाच्या दारात जायची न्हाई. दसऱ्यानंतर टोळीचा ट्रॅक्टर भरला. कडूबाई वर चढली, ओटीपोटाला हात न लावता. परमेश्वर वर बघंना. आभार मानायची दानत त्या घरात नव्हतीच.

शहादेव ट्रॅक्टरवरून वरडला, "बस आता पेटी कवटाळून!"

"बसते की. तोडीहून आल्यावर सरकारची तपासणी हाय. गावाच्या येशीवरच एकेक बाई उतरवून घेते. एकीचीबी पिशवी कमी भरली, तर तू हाय आन् मी हाय."

त्यानं डायवरला शिवी हासडली आन् ट्रॅक्टर काढाय लावला.