तीन ओळींची सिद्धता

"हे सिद्ध करायचं नसतं, ठरवायचं असतं," असे म्हणून तो खडू खाली ठेवी आणि हात धोतराला पुसून आमच्याकडे पाही. पायाखालची फळी दाबून पाहिल्याशिवाय पुढे पाऊल न टाकणारा असा एखादा माणूस तुमच्याही ओळखीत असेल. त्याची चेष्टाही आपणच करतो.

गिरगावातल्या एका शाळेत तो आणि मी दोघेही मास्तर होतो आणि राहायलाही एकाच चाळीत. सकाळी त्याच्या खोलीवर कॉलेजातली चार-पाच मुले गणित शिकायला येत. मीही त्यांच्यात बसे, कारण बी.ए.ला मलाही गणितच होते. शिकवणारा तो असला तरी बी.ए. तोही झालेला नव्हता, हे आधीच सांगून टाकतो.

शब्दाचा अर्थ ठरल्याशिवाय त्याचे घोडे पुढे जात नसे. गवळ्याला त्याने एकदा शांतपणे विचारले होते, की किती पाणी पडल्यावर ह्याला दूध म्हणणे थांबवायचे? त्या दिवसापासून गवळी त्या घरात फक्त ह्याच्या आईशीच बोले.

बी.ए.च्या परीक्षेत एक प्रश्न वरचेवर येई. दोनचा तिसरा घात म्हणजे दोन तीनदा घेऊन गुणायचे, हे शाळेतले पोरही सांगेल. पण घाताच्या जागी उणे एकाचे वर्गमूळ आले, म्हणजे घातच काल्पनिक झाला, तर किती वेळा गुणायचे? साध्या घातासाठी एक अनंत श्रेणी सिद्ध केलेली असते. पुस्तकात तिच्यातच काल्पनिक संख्या घालून तीन ओळींत उत्तर काढलेले होते, आणि वर 'सिद्धता' असा मथळा होता.

तो म्हणे, ज्याचा अर्थच अजून सांगितलेला नाही त्याची सिद्धता कसली? ती श्रेणी हाच काल्पनिक घाताचा अर्थ, असे आपण ठरवायचे. दत्तक मुलगा घराण्यातला आहे हे कोणी सिद्ध करीत नाही, विधी करून ठरवतात. मात्र आधी मूल खरोखर आहे ना, हे पाहावे लागते आणि मागून ते घरचा कुळाचार पाळते ना, हेही. श्रेणीची बेरीज ठरावीक संख्येवर येऊन थांबते, हे तो आधी दाखवी. मग दोन श्रेणी गुणल्या की घातांची बेरीज होते, हा घातांचा कुळाचार. हे सारे फळ्यावर मांडायला त्याला तास लागे. तो तास मी आयुष्यात विसरलो नाही.

पण परीक्षेत तास कोण देतो? दोन वर्षे ह्याच प्रश्नापायी त्याचे बाकीचे प्रश्न राहिले आणि तो नापास झाला. तिसऱ्या वर्षी हेडमास्तरांनी त्याला बोलावून, खाली मान घालून सांगितले, की वरच्या वर्गांना आता पास झालेलाच मास्तर हवा. यंदा जमले नाही तर शाळा सोडावी लागेल. त्याची आई माझ्याकडे आली. त्याला समजाव, एवढेच म्हणाली.

आम्ही परीक्षेला बरोबरच निघालो. धोबी तलावापाशी मी त्याला थांबवले.

"तीनच ओळी आहेत रे. लिही आणि पुढे जा."

"तीनच आहेत," तो म्हणाला, "पण खोट्या आहेत."

प्रश्न आला. मी तीन ओळी लिहिल्या. बाहेर आल्यावर त्याने मला विचारले, मी सांगितले. रागावेल असे वाटले होते. पण त्याने मान हलवली आणि बरे केलेस म्हणाला. ते तो अगदी मनापासून म्हणाला, म्हणून मला जास्त लागले. त्याने स्वतः काय लिहिले ते विचारायची गरज नव्हती.

मी पास झालो. त्याचा वर्ग मला मिळाला. कोकणात एका खेड्यात त्याला शाळा मिळाली. माझगावच्या धक्क्यावर आगबोटीत चढण्याआधी त्याने सकाळच्या मुलांना सांभाळायला सांगितले. "तो धडा आला की माझ्यासारखा शिकव," म्हणाला. आई पुढे गेली होती, तिने मागे वळून पाहिले नाही.

दोन वर्षे मी मुलांना पुस्तकातल्या तीन ओळीच शिकवल्या. परीक्षा तोंडावर असे, एवढे कारण मला पुरे.

तिसऱ्या वर्षी तो तापाने गेल्याचे त्याच्या गावच्या एका माणसाने शाळेत येऊन सांगितले. दुसऱ्या दिवशी सकाळी मुले आली तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवले आणि तो धडा त्याच्यासारखा शिकवला. मूल आहे ना, इथपासून कुळाचारापर्यंत सारे. मला त्याच्याइतके नीट जमले नाही, पण मुलांनी मन लावून पाट्यांवर उतरून घेतले; रोजच्या सरावाला कागद त्यांना परवडत नसे. सगळे संपल्यावर एकाने विचारले,

"मास्तर, परीक्षेत हेच लिहायचं ना?"

गरिबांची मुले होती ती. कोणाच्या घरी म्हातारी माणसे होती, कोणाचे लग्न ठरले होते. मी खिडकीबाहेर पाहिले.

"नाही. परीक्षेत पुस्तकातलं लिहा."

त्यांनी माझ्यासमोरच आपापल्या पाट्या पुसल्या.