बगीच्यातली शिदोरी

माझा थोरला भाऊ शेंदूरजनाघाटला आमचा संत्र्याचा बगीचा सांभाळायचा. दुष्काळाच्या त्या वर्षांत विहीर आटत गेली, झाडं वाळत गेली, आणि दादा अंगानं सुटत गेला. आधी पहाटे जायचा, मग उन्हं चढल्यावर, मग जाणंच थांबलं. ओसरीत बसून शेव-चिवड्याचा डबा रिकामा करायचा. बाबांनी सांगून टाकलं, "बहारापर्यंत हा उठला नाही, तर बगीचा दुसऱ्याले बटईनं देतो, अर्ध्या हिश्शावर."

वर त्यांनी डोकंही चालवलं. दादाचं दुपारचं जेवण घरी वाढायचं नाही, शिदोरी बगीच्यातल्या झोपडीत ठेवायची. "भूक लागली का येते बराबर." मी तेव्हा अकोल्याहून माहेरी आले होते. शिदोरीत त्याच्या आवडीचे, गोवऱ्यांवर भाजलेले कणकेचे रोडगे आणि वांग्याची भाजी होती. बगीचा तरी किती दूर, मारुतीच्या देवळामागेच. दादा गेला नाही. चहात शिळे टोस्ट बुडवून खाल्ले त्यानं.

"कामचोर आहे," बाबा म्हणाले. मला ते पटेना. रोडगे सोडून टोस्ट खाणारा वऱ्हाडी माणूस मी जन्मात पाहिला नव्हता. हा काही साधा आळस नव्हे.

मी दादाला आणि बाबांना, दोघांनाही अमरावतीला डॉक्टरांकडे नेलं. दादाच्या रक्ताचे रिपोर्ट पाहून डॉक्टर म्हणाले, "वाढलेल्या चरबीमुळे अंगात बारीक सूज धुमसत राहते. दिसत नाही, दुखत नाही. तिचा परिणाम मेंदूवरही होत असावा. मग उठणं जड जातं आणि हात जवळच्या गोड-तळलेल्याकडे वळतो. सगळं पक्कं कळलेलं नाही अजून."

"तापानं पडलेल्या माणसाले कोणी कामचोर म्हणते का, बाबा?" मी विचारलं. बाबा मांडीवरची टोपी चाचपत बसले.

परतताना एसटीत दादा आपणहून बोलला. "मले रोडगेच पायजे होते, बाबा. सकाळपासून तेच डोक्यात होते. पण उठनंच होत नव्हतं."

औषधं सुरू झाली, घरात चिवडा येणं बंद झालं. बाबांनी शिदोरी ओसरीत आणली आणि दादाशेजारी बसून जेवले. पुढे फाटकापाशी, मग देवळाच्या पारावर. मधूनच एखादा दिवस पुन्हा ओसरीतच जायचा, पण बाबा चकार शब्द बोलायचे नाहीत. बहार येऊन गेला, बटईचं नावही त्यांनी काढलं नाही.

दादा बगीच्यात पोचला तेव्हा अर्धी झाडं सरपणाला गेली होती. तो बुंध्यांकडे पाहत उभा राहिला.

"लय उशीर केला मी," तो म्हणाला.

बाबांनी शिदोरीची गाठ सोडली. "बस. रोडगे थंडे होऊन राहिले."