पाय उचल, भरतेश

जेवण झाल्यावर त्रिशला चौगुले उद्यमनगरातल्या आपल्या गॅरेजमध्ये, गाडीच्या पुढच्या चाकाशी पुठ्ठा टाकून आडवी होते. पाचच मिनिटं, असं ती स्वतःला बजावते. दुपारच्या झोपेतून पाच मिनिटांत कोण उठलंय? शेजारच्या कारखान्यातल्या लेथ मशीनची घरघर हळूहळू लांब जाते. डोळे मिटता मिटता सायलेन्सरच्या तोंडाशी साचलेली काजळी तिच्या डोळ्यांपुढे येते, ओली आणि तेलकट. इंजिन तेल जाळतंय.

या गाडीचं इंजिन तिनं स्वतः बांधलंय. गेल्या वर्षी तिचा धाकटा भाऊ भरतेश गावाबाहेरच्या जुन्या धावपट्टीवरच्या रेसमध्ये जागच्या जागी गेला. गाडीचा पार चुराडा झाला आणि इंजिन तेवढं वाचलं. तिनं ते दुसऱ्या गाडीच्या सांगाड्यात बसवलं, नवे पिस्टन आणि त्यांच्यावरच्या नव्या रिंगा घातल्या. आईनं एकाच अटीवर हे करू दिलं, की गाडी चाळीसच्या वर न्यायची नाही. त्रिशलानं आईच्या डोक्यावर हात ठेवून कबूल केलं आणि तेव्हापासून ती इंजिनाला बाळंतिणीसारखी जपतेय. पण नव्या रिंगांना सुरुवातीलाच, गाडी भरधाव पळवून, जोर द्यावा लागतो, तरच त्या घट्ट बसतात. नाही दिला तर सिलिंडरची आतली भिंत गुळगुळीत होते आणि इंजिन जन्मभर तेल पीत, निळा धूर ओकत राहतं. हे त्रिशलाला पक्कं माहीत आहे. आणखी थोडं असंच चाललं, तर भरतेशचं एवढं एक उरलंय तेही मातीत जाणार.

बॉनेटला आतून कुणीतरी लाथ घालतं.

पत्रा वर फुगतो. पुन्हा एक लाथ बसते, बॉनेट उघडून काचेवर आदळतं, आणि हेल्मेट घातलेला भरतेश बाहेर येतो. तो तिची कॉलर धरतो, पुठ्ठ्यावरून उचलतो आणि ड्रायव्हरच्या सीटवर आपटतो. स्वतः शेजारी बसतो.

"परत मारतीयास व्हय गं मला, आक्का?"

"भरत्या, हात काढ."

"निळा धूर बघितलास न्हवं? घुसमटतोय मी आत. आन् तू मला गल्लीत फिरवून आणतीयास, म्हाताऱ्याला देवळात न्यावं तसं!"

मेलेल्या भावाला बघून माणसाला रडू यावं. त्रिशलाला येतो तो संताप, वर्षभर गिळलेला. हातात पाना आहे. तो कुठून आला हे तिला कळत नाही आणि कळून घ्यायचंही नाही. ती पाना उगारते आणि त्याच्या हेल्मेटवर घालते.

"आईला रात्रभर कोण घेऊन बसतंय? मी! तुझं जेवण अजून वाढून ठेवती ती, ते कोण उचलतंय? मी!"

हेल्मेटला चीर जाते. तो हात वर करत नाही, मुकाट मार खातो. मग एकदाच, सावकाश, तिच्या थोबाडीत ठेवून देतो. तिच्या तोंडात रक्त येतं.

"झालं? चालव आता."

गाडी चालूच आहे. गॅरेजचं आता घरचं स्वयंपाकघर झालंय आणि गाडी ओट्याला घासत चाललीय. फडताळ उन्मळून पडतं, ताटं टपावर कोसळतात, काचेवर पीठ उडतं. आई परातीत भाकरी थापतेय, मान वर करत नाही.

"चाळीस," आई म्हणते.

काटा चाळीसवर आहे. समोरची भिंत फुटते आणि विटांच्या पलीकडे ती जुनी धावपट्टी लागते, सरळ, उन्हानं पांढरी पडलेली.

"दाब."

"न्हाई दाबणार."

भरतेश सीटवरून खाली सरकतो, डॅशबोर्डखाली वाकतो आणि तिचा उजवा घोटा दोन्ही हातांनी आवळून एक्सलेटरवर दाबतो. टर्बो किंचाळतो. आरसा तुटून मागे उडतो, बाजूची काच फुटून तिच्या दंडात घुसते. ती ओरडतेय, पण मागचा निळा धूर विरळ होत जातो, खोकणारा आवाज एकसंध होतो. इंजिन श्वास घेऊ लागलंय. तिला आनंद होतो, कितीही लाज वाटली तरी होतोच.

मग समोर मातीचा बांध दिसतो. गेल्या वर्षी पट्टी संपली तरी भरतेशनं पाय उचलला नव्हता, तो हाच बांध.

"सोड आता!" त्रिशला ओरडते. "दाबायचं तसं सोडायचं बी असतं. दोन्ही केल्याशिवाय रिंग बसत न्हाई."

"ठाऊक हाय मला."

"मग सोड की!"

तो मान वर करतो. हेल्मेटच्या चिरेतून त्याचे डोळे दिसतात, भेदरलेले.

"तेच जमलं न्हाई की गं आक्का मला. बोटं उघडत न्हाईत. तूच सोडव."

बांध वाढतोय. त्रिशला डावा पाय उचलते आणि त्याच्या तोंडावर लाथ मारते. त्याची पकड आणखी घट्ट होते. ती पुन्हा मारते. हाड मोडल्याचं तिच्या टाचेला कळतं. याला ती कडेवर घेऊन फिरलेली आहे. "माझ्या सोन्या," म्हणत ती रडत रडत, सगळा जीव एकवटून लाथ घालते. दार उखडतं. भरतेश धुळीत फेकला जातो आणि तिचा पाय एक्सलेटरवरून उठतो.

इंजिन हंबरतं, गाडीला मागे खेचून धरतं. वेग उतरत जातो आणि बंपर बांधाच्या मातीला नुसता टेकतो. ती मागे वळून बघते. पट्टीवर कुणी नाही.

"चहा घे, निवतोय," आई म्हणते.

त्रिशला पुठ्ठ्यावर उठून बसते. शेजारचा लेथ चालू आहे. आई कप खाली ठेवते आणि तिच्या पायाकडे बघते.

"केवढं ग्रीस लावून घेतलंस गं."

आई पदरानं घोटा पुसू लागते. त्रिशला कळवळून पाय ओढते. ग्रीस नाहीच. घोट्याभोवती बोटांचे काळेनिळे वळ उठलेत, एका हाताचे आणि दुसऱ्या हाताचेही. आई आपली बोटं त्या वळांवर ठेवून बघते. तिची बोटं तोकडी पडतात, आणि हे कुणाचे हात ते तिला कळतं. ती हात काढून घेते आणि तिथंच खाली बसते.

"आई," त्रिशला म्हणते, "आज मी चाळीसच्या वर जाणार हाय."

आई मान वर करून तिच्याकडे बघते.

"आन् वेळेवर पाय उचलणार हाय."

आई होकाराची मान हलवते. मग पदर पुन्हा हातात घेते आणि ग्रीस नाही हे कळूनही तो घोटा हलक्या हातानं पुसत राहते.