मानसीचे बूट

घरात एकदा मिलिटरीचे बूट आणून ठेवा, किस्से आपोआप गोळा होतात! एखाद्या चतुर्थीचा उपास मी विसरेन, पण यातलं काही विसरायची नाही. माझी मानसी लष्करी पोलिसात जवान. ती सुट्टीवर पिंप्राळ्याला आली, की दारातल्या चपलांत ते जाडजूड काळे बूट उभे!

*

पहिल्याच सुट्टीत शेजारच्या प्रमिलाअक्का दारात थबकल्या. "कोण पाहुणे आले गं?"

"पाहुणे कुठले? मानसी आली."

"पोरीला शोभतं का हे?"

तेवढ्यात त्यांची नात रुचा कॉलेजला निघाली. फ्रॉकखाली तसेच काळे, लेसवाले बूट!

"अक्का, आणि ते?"

"ती फॅशन आहे गं!"

"बरं. आमची नोकरी आहे."

*

मग मलाही हौस आली. वाढदिवसाला मानसीला नवी जोडी घ्यायला जळगावच्या बाजारात गेलो. दुकानदाराने कौतुकाने 'लेडीज कॉम्बॅट' काढले. चकचकीत बकल, बाजूला चेन. मानसीने सोल वाकवून पाहिला.

"दादा, हे घालून वीस किलोमीटर होतील?"

"आरामात, ताई! गाडी कोणती आहे?"

*

नवरात्रात देवळात गेलो, तर आरती सुरू झाली तरी हिची दुसऱ्या बुटाची लेस सुटेना. मागच्या बायका फिदीफिदी हसायला लागल्या. एक म्हणाली, "देवी थांबणार आहे का हिच्यासाठी?"

म्हटलं, "थांबेल. तुम्ही व्हा पुढे!"

*

सुट्टी संपली त्या दिवशी अष्टमी होती. माझे थोरले दीर, नाना, सकाळीच धरणगावहून आले. शिरपूरचं स्थळ आणलेलं. मुलगा चांगला, अट एकच: मानसीने नोकरी सोडायची. पाहुणे दुपारी येणार, आणि मानसीची गाडी अकराची! ती बूट चढवून, लेस आवळून निघालेलीच. नाना दारात आडवे.

"काढ ते बूट! हाई काय शे? बठ्ठं गाव हासस!"

सगळं गाव हसतं म्हणे! मानसीने माझ्याकडे पाहिलं. आजवर मी नानांसमोर मान वर केली नव्हती.

दर अष्टमीला मी कुमारिकांचे पाय पूजते. ताट तयारच होतं. ते घेऊन तिच्यापुढे खाली बसले.

"आई, बूट काढू?"

"नको. गाडी चुकेल."

बुटांवरच पाणी शिंपडलं, हळदीकुंकू वाहिलं, डोकं टेकवलं. मग उठून म्हटलं, "नाना, पूजा झालेल्या कुमारिकेची वाट अडवू नये."

नाना बाजूला झाले. पाहुण्यांना 'येऊ नका' म्हणून फोन त्यांनीच केला.

तीन दिवसांनी मानसीचा फोन. "आई, हवालदार मॅडमनी बूट बघितले. शिवणीत पिवळं काय आहे, विचारलं."

"मग?"

"सगळं सांगितलं. स्थळ, नाना, तुझी पूजा."

"रागावल्या?"

"नाही गं. म्हणाल्या, आईला सांग, पुढच्या वेळी सोलला लाव. परेडला दिसत नाही!"